विज्ञानकथा वाचायची आहे, सुरुवात कुठून करू?

कथा-कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं आवडीनं वाचणारी, पण विज्ञानकथेच्या वाटेला कधीच न गेलेली माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांच्यातलं कुणीतरी एक दिवस मनावर घेतं आणि एखाद्या जाणकाराला विचारतं, सुरुवात कशानं करू? मग फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’, आयझॅक असिमॉव्हची ‘फाउंडेशन’, लिऊ त्सिशिनची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ अशी नावं समोर येतात. तिन्ही पुस्तकांचं मोठेपण मला मान्य आहे. पण ‘ड्यून’ सहाशे पानांच्या घरात जाते, मागे परिशिष्टं आणि तिथल्या शब्दांचा कोश असतो, आणि ती संपवली की हर्बर्टनंच लिहिलेले पुढचे पाच भाग वाट बघत असतात. बाकीची दोन तर मालिकांची पहिली पुस्तकं. नवा वाचक पन्नास-साठ पानांत दमतो, पुस्तक कपाटात जातं आणि ‘हे आपलं काम नाही’ असं तो कायमचं ठरवून टाकतो.

म्हणून माझं सांगणं असं, की पहिलं पुस्तक शक्यतो दोनशे पानांच्या आतलं असावं आणि त्याची गोष्ट त्याच्यातच संपावी. हे केवळ वेळ वाचवण्यासाठी नाही. बहुतेक चांगल्या विज्ञानकथेच्या मुळाशी एक ‘समजा’ असतं. समजा, माणसाला काळात मागेपुढे जाता आलं. समजा, शस्त्रक्रियेनं बुद्धी वाढवता आली. लेखक ते ‘समजा’ खरं मानतो आणि त्यातून जे जे ओघानं येईल ते शेवटपर्यंत नेतो. या प्रकारातला खरा आनंद शेवटाला पोचल्यावर, मागे वळून तो सगळा प्रवास एकत्र दिसला की मिळतो. तो एकदा पूर्ण मिळाला की पुढची जाडजूड पुस्तकं तुम्ही स्वतःहून शोधाल. अर्ध्यावर सोडलेल्या थोर ग्रंथापेक्षा वाचून संपवलेलं छोटं पुस्तक नव्या वाचकाला कितीतरी जास्त देतं.

आणखी एक पथ्य आहे. तुम्ही आज जे वाचता त्याच्या शेजारचं पुस्तक निवडा. ज्याला कौटुंबिक कादंबऱ्या आवडतात त्यानं एकदम अंतराळयुद्धात उडी मारायचं काही कारण नाही.

इतिहास वाचणाऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण मराठीत हा वाचक मोठा आहे. पानिपतावरची कादंबरी वाचून हळहळलेल्या कुणालाही मी जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वाचायला सांगतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात, जिथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. मुंबईत मात्र अजून ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल आहे. इतिहासाचा माणूस अशा वेळी काय करील? तो टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन बसतो आणि नेमकं कुठे वेगळं वळण लागलं ते पुस्तकांत शोधू लागतो. ते वळण सापडतं विश्वासरावांपाशी. आपल्याला ठाऊक असलेल्या इतिहासात त्यांना गोळी लागली. त्या जगात ती तीळभरानं चुकली. एवढाच फरक, आणि त्यातून सगळा देश बदललेला. कथेच्या शेवटी नारळीकर हे सगळं पुंजभौतिकीच्या आधारानं समजावतात. तिथे वेग मंदावतो, काही वाचक कंटाळतातही. पण ती पानं गाळू नका. सूक्ष्म कण पुढच्या क्षणी कुठे असेल हे भौतिकशास्त्र खात्रीनं सांगू शकत नाही, हा मुद्दा आणि एका गोळीनं बदललेलं जग यांची सांगड लेखक तिथेच घालतो. ती लक्षात आली, की ही निव्वळ ‘आपण जिंकलो असतो तर’ अशी हळहळ राहत नाही.

मराठीतून सुरुवात करणाऱ्यांसाठी नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा १९७९ सालचा कथासंग्रह अजूनही पहिल्या क्रमांकावर आहे. त्यातली ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं ते नाव. परीक्षकांवर खऱ्या नावाचं दडपण येऊ नये म्हणून ही काळजी. पहिलं बक्षीस त्याच कथेला मिळालं. याच संग्रहातली ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा, विज्ञानाच्या नावानंच दचकणाऱ्या वाचकाला द्यावी. एका क्रिकेटपटूचं डावं-उजवं आरशातल्या प्रतिमेसारखं पालटतं, आणि त्याचा उलगडा एका पीळ दिलेल्या पट्टीपाशी येऊन थांबतो. कागदाची लांब पट्टी घ्या, एक टोक अर्ध्या फेऱ्यानं पिळून दुसऱ्याला चिकटवा आणि तिच्यावर पेन्सिलनं रेघ ओढत जा. पेन्सिल न उचलता दोन्ही बाजूंवर रेघ उमटते, कारण त्या पट्टीला बाजू एकच उरते. कथा वाचण्याआधी ही पट्टी हातानं करून बघा, कथा दुप्पट आवडेल.

संग्रह वाचून झाला आणि सलग कादंबरी हवीशी वाटली, तर नारळीकरांचीच ‘वामन परत न आला’ घ्या. जमिनीच्या पोटात पुरातन, प्रगत संस्कृतीनं ठेवलेली एक वस्तू सापडते आणि तिच्यातल्या माहितीवरून आजचे शास्त्रज्ञ एक यंत्रमानव घडवतात. यंत्रांच्या बुद्धीविषयी आज घरोघर जी चर्चा चालते, तिच्यातला मुख्य प्रश्न या छोट्या कादंबरीनं १९८०च्या दशकात मांडला होता.

मराठीतल्या इतरांबद्दल थोडक्यात सांगतो. लक्ष्मण लोंढे यांची ‘दुसरा आइनस्टाइन’ ही कथा इंग्रजीत गेली आणि जगभरच्या विज्ञानकथांच्या एका अमेरिकी संकलनात तिला जागा मिळाली. सुबोध जावडेकरांच्या ‘गुगली’ आणि ‘पुढल्या हाका’ या संग्रहांतली माणसं आपल्या ऑफिसात, आपल्या सोसायटीत भेटावीत अशी असतात, म्हणून मध्यमवर्गीय सामाजिक कथा आवडणाऱ्याला ती चटकन जवळची वाटतात. बाळ फोंडके यांच्या कथा जीवशास्त्र आणि वैद्यक यांच्याशी नातं सांगतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आहेच. ‘चंद्रावर स्वारी’ किंवा ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ मिळालं तर मुलाच्या हाती द्या आणि बाजूला व्हा.

आता इंग्रजीतून वाचणाऱ्यांकडे वळू. एकच नाव घ्यायचं तर एच. जी. वेल्सची ‘द टाइम मशीन’. १८९५ सालचं पुस्तक, जेमतेम शंभर पानांचं. एक संशोधक काळात प्रवास करून इसवी सन ८,०२,७०१ मध्ये पोचतो. तिथे त्याला दोन जाती दिसतात. वर उन्हात फुलं-फळं खात खेळणारे नाजूक एलॉय, आणि खाली अंधारात यंत्रं चालवणारे मॉरलॉक. सुरुवातीला वाटतं, वरचे मालक आणि खालचे नोकर. मग हळूहळू कळतं, की कोण कुणाला पोसतंय आणि कशासाठी. वेल्स हा डार्विनच्या बाजूनं लढणाऱ्या टी. एच. हक्स्लीचा विद्यार्थी. लंडनमधल्या श्रीमंत-गरिबांतली दरी तशीच लाखो वर्षं राहिली तर उत्क्रांती तिचं काय करील, हा त्याचा ‘समजा’.

पण पुस्तकाचं खरं शिखर मला त्याच्या शेवटाकडच्या काही पानांत वाटतं. प्रवासी आणखी पुढे, थांबत थांबत तीन कोटी वर्षांपलीकडे जातो. समुद्रकिनारा आहे, पण लाटा नाहीत. आकाशात प्रचंड, लाल, विझत आलेला सूर्य. वाळूवर सरपटणारे अजस्र खेकडे. आज आपण म्हणू, हे विज्ञान चुकलं, सूर्याचं आयुष्य अजून सुमारे ५०० कोटी वर्षं आहे. पण वेल्सच्या काळात सूर्याची ऊर्जा कुठून येते हे कुणालाच माहीत नव्हतं. किरणोत्साराचा शोधही या पुस्तकानंतर वर्षभरानं, १८९६ मध्ये लागला. तोवरच्या भौतिकशास्त्रज्ञांचा हिशेब सूर्याला काही कोटी वर्षंच देत होता, आणि वेल्सनं तो हिशेब प्रामाणिकपणे वापरला. नव्या वाचकानं ही गोष्ट ध्यानात ठेवावी. विज्ञानकथेतलं विज्ञान पुढे बदलू शकतं, म्हणून कथा बाद होत नाही. त्या थंड किनाऱ्यावर उभ्या असलेल्या एकट्या माणसाचं भय आजही तितकंच खरं वाटतं.

वेल्सची इंग्रजी जुन्या वळणाची आहे, वाक्यं लांब आहेत. पहिली दहा-बारा पानं जेवणानंतरच्या चर्चेत जातात, तिथे धीर धरा. वेल्सचं निधन १९४६ साली झालं, त्यामुळे आपल्या साठ वर्षांच्या नियमानुसार त्याचं लेखन भारतात स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. पुस्तक इंटरनेटवर अधिकृतपणे फुकट मिळतं आणि छापील प्रतीही स्वस्तात असतात.

सामाजिक, कौटुंबिक, मन हलवणारं वाचणाऱ्यांसाठी माझी निवड वेगळी आहे. डॅनियल कीजची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’. चार्ली गॉर्डन हा बत्तीस वर्षांचा, मतिमंद ठरवला गेलेला माणूस. बेकरीत झाडलोट करतो, सगळे आपले मित्र आहेत असं समजतो. त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया होते. ती आधी अल्जरनॉन नावाच्या एका उंदरावर यशस्वी झालेली असते. सगळी गोष्ट चार्लीनं लिहिलेल्या नोंदींतून येते. पहिल्या नोंदी चुकीच्या स्पेलिंगच्या, विरामचिन्हं नसलेल्या. मग एका नोंदीत स्वल्पविराम शिकल्याचा आनंद दिसतो आणि तो वाटेल तिथे स्वल्पविराम टाकत सुटतो. पुढे वाक्यं लांब होतात, शब्द जड होतात, आणि बेकरीतले मित्र आपल्याला हसत होते हेही त्याला कळतं. बुद्धी वाढल्याचं लेखक सांगत बसत नाही, आपण ती वाक्यागणिक वाढताना पाहतो. उंदराचं पुढे काय होतं ते इथे सांगणार नाही.

हे पुस्तक आधी १९५९ साली कथा म्हणून आलं, मग १९६६ साली कादंबरी म्हणून. एका संपादकानं शेवट गोड करायला सांगितला होता, कीजनं ते मानलं नाही. तुम्ही आधी कथा वाचा, तीसेक पानांची आहे. मनाला भिडली तर कादंबरी घ्या. मात्र एक अडचण आधीच सांगून ठेवतो. ज्यांना इंग्रजी वाचनाची फार सवय नाही, त्यांना सुरुवातीची मुद्दाम चुकवलेली स्पेलिंगं अडखळवतात. अशा वेळी ती पानं मोठ्यानं वाचावीत. कानाला शब्द लगेच कळतो.

स्त्रीवादी लेखन आवडणाऱ्यांनी रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ वाचलीच पाहिजे. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये आलेली ही इंग्रजी कथा. पुरुष पडद्यात, घरात, आणि बायका राज्य चालवताहेत. त्यांच्या शास्त्रज्ञांनी ढगांतलं पाणी ओढून घेतलंय, उन्हाची उष्णता साठवलीय. त्या राज्यातल्या स्वयंपाकघरात धूर नाही, कोळसा नाही, चूल सूर्याच्या उष्णतेवर चालते. चुलीपुढे डोळे चोळणाऱ्या बायकांच्या देशात ही कल्पना एका बाईनं सव्वाशे वर्षांपूर्वी केली! अर्ध्या तासात वाचून होते.

रे ब्रॅडबरीची ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) पुस्तकवेड्या माणसाला द्यावी. इथले अग्निशामक आग विझवत नाहीत, पुस्तकं जाळतात. कानात बसणारे चिमुकले रेडिओ आणि भिंतभर टीव्ही त्यानं तेव्हाच कसे लिहिले याचं कौतुक नेहमी होतं. मला ते दुय्यम वाटतं. त्या गावात पुस्तकं सरकारनं हिसकावण्याआधी लोकांनीच वाचायची सोडली होती, हे जास्त अस्वस्थ करणारं आहे.

छोटं पुस्तक म्हणजे सोपं पुस्तक असा मात्र समज करून घेऊ नका. स्तानिस्वाव लेमची ‘सोलारिस’ दोनशेच पानांची आहे, आणि माझ्या मते ती या प्रकारातल्या सर्वश्रेष्ठ कादंबऱ्यांत बसते. तरीही पहिली म्हणून ती देऊ नये. विचार करणाऱ्या एका महासागराभोवती फिरणाऱ्या या गोष्टीत नायक मध्येच ग्रंथालयात बसतो आणि त्या महासागराविषयीच्या शंभर वर्षांच्या संशोधनाचा इतिहास पानंच्या पानं सांगतो. मुरलेल्या वाचकाला त्यात अपार सुख आहे, नवा वाचक तिथेच पुस्तक मिटतो. पाचवी-सहावी म्हणून जरूर घ्या, आणि जमल्यास बिल जॉन्स्टन यांनी थेट पोलिशवरून केलेला इंग्रजी अनुवाद मिळवा. जुना इंग्रजी अनुवाद फ्रेंचवरून झालेला आहे.

तिच्याऐवजी, गूढाची ओढ असलेल्याला आर्थर क्लार्कची ‘राँदेव्हू विथ रामा’ (१९७३) द्या. पन्नास किलोमीटर लांबीचं, आतून पोकळ असं एक दंडगोलाकार यान सूर्यमालेत शिरतं. माणसं आत जातात. आतल्या बाजूनं सगळीकडे जमीन, मधोमध वळसा घालून गेलेला समुद्र, आणि ते बांधणारं कुणीच दिसत नाही. क्लार्कचं गद्य साधं, स्वच्छ. पृथ्वीवर आदळू शकणाऱ्या लघुग्रहांवर नजर ठेवण्याची जी यंत्रणा या कादंबरीत आहे, तिचंच ‘स्पेसगार्ड’ हे नाव पुढे शास्त्रज्ञांनी खऱ्या मोहिमेला घेतलं. पान दोनशेच्या थोडं पुढे जाईल, पण चालेल. पुढचे भाग क्लार्कनं दुसऱ्या लेखकाबरोबर बऱ्याच वर्षांनी लिहिले. ते वाचण्याची गरज नाही, ही कादंबरी स्वतःत पुरी आहे.

आता वाचायचं कसं, याविषयी. नव्या वाचकाची सगळ्यात मोठी अडचण ही असते, की पहिल्या पानापासून अनोळखी शब्द येतात आणि आपल्यालाच काही कळत नाही असं वाटतं. स्त्रुगात्स्की बंधूंची रशियन कादंबरी ‘रोडसाइड पिकनिक’ (१९७२) घ्या. परग्रहावरचे कुणी येऊन गेलेत आणि मागे एक भयंकर प्रदेश उरलाय. तिथल्या वस्तू चोरून आणणारा रेडरिक आपल्याच बोलीत गोष्ट सांगायला लागतो. पहिल्याच प्रकरणात ‘एम्प्टी’ नावाची वस्तू येते. बशीएवढ्या तांब्याच्या दोन चकत्या, मध्ये हातभराची मोकळी जागा. त्या जागेतून हात आरपार जातो, पण चकत्या एकमेकींच्या जवळही येत नाहीत आणि लांबही जात नाहीत. हे काय आहे, कशासाठी आहे? रेडरिकला माहीत नाही, शास्त्रज्ञांनाही माहीत नाही. इथे वाचकानं मागे जाऊन पान पुन्हा वाचण्याची काही गरज नसते. पात्रांना जेवढं ठाऊक आहे तेवढंच घेऊन पुढे चला. कळायचं ते वीस-तीस पानांत कळतं. खेड्यावरची कादंबरी वाचताना बोलीतले अनेक शब्द आपण संदर्भानंच समजून घेतो, तेच कौशल्य इथे लागतं आणि ते मराठी वाचकाकडे भरपूर आहे.

शास्त्राची पदवी नाही म्हणून मागे राहू नका. वर सांगितलेल्या पुस्तकांपैकी एकालाही शाळेच्या पुढचं विज्ञान लागत नाही.

आणि तुम्ही स्वतः जुने वाचक असाल, दुसऱ्याला पुस्तक देणार असाल, तर एक विनंती. देताना फक्त ते पहिलं ‘समजा’ सांगा. पुढची गोष्ट, शेवट, लेखकानं वर्तवलेलं काय काय खरं ठरलं याची यादी, हे काही नको. भविष्य अचूक सांगितलं म्हणून कुणी गोष्टीवर प्रेम करत नाही. एक पुस्तक द्या, पाच नको. महिन्याभरानं आठवण करा, पण परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका. आणि नाही आवडलं असं उत्तर आलं, तर काय आवडलं नाही ते नीट ऐका. ‘माणसं खरी वाटली नाहीत’ म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी कीज द्यायचा, ‘फार रडवलं’ म्हणणाऱ्याला क्लार्क.

मराठी पुस्तकं विकत घ्यायची घाई नको. जुने विज्ञानकथासंग्रह दुकानात मिळतीलच असं नाही, पण गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत ते हमखास असतात. ग्रंथपालांना नारळीकर, लोंढे, जावडेकर, फोंडके अशी नावं सांगा. ‘धनंजय’, ‘नवल’ यांचे जुने दिवाळी अंक दिसले तर तेही चाळा, त्यांत सुट्या विज्ञानकथा भरपूर आहेत. या आठवड्यात वाचनालयात जाणार असाल, तर एक पुस्तक नेहमीच्या आवडीचं घ्या आणि दुसरं ‘यक्षांची देणगी’.